मदत हवी आहे: सॅक्सिफ्रागा स्पॅथ्युलॅरिस, हिर्सुटा की संकर?

आयर्लंडच्या नैऋत्य भागात सॅक्सिफ्रागा या फुलझाडाच्या स्पॅथ्युलॅरिस आणि हिर्सुटा या दोन्ही जाती रानात वाढतात आणि त्यांचा संकर, पोलिटा, तोही तिथे सापडतो. तिथल्या फोटोंमधलं एक झाड मला नेमकं मधलं वाटतंय. स्पॅथ्युलॅरिसच्या पानाचा देठ चपटा, पान देठाकडे निमुळतं होत गेलेलं, कडेला टोकदार दाते. हिर्सुटाचा देठ अरुंद आणि केसाळ, पान गोलसर, बुडाशी हृदयाकृती. या झाडाचा देठ चपटा आहे, पण केस भरपूर, आणि पानाचं बूड आडवं कापल्यासारखं! नुसत्या पाकळ्यांवरच्या ठिपक्यांवरून ठरवणं मला पटत नाही. संकर म्हणण्याआधी आणखी काय तपासावं? दात्यांचा आकार जास्त भरवशाचा, की देठाचा आडवा छेद? दोन्ही जाती जवळून पाहिलेल्यांनी कृपया सांगा.