मदत हवी आहे: बक की सारस?

निशाचर: फलक उद्या सकाळी छपाईला जायचाय आणि एका तारकासमूहाच्या नावावर अडलोय. जुन्या मराठी पुस्तकात बक, मोबाइलवरच्या हिंदी नकाशात सारस. बरोबर काय? नाव दिलं कोणी? लवकर सांगा.

दक्षिणद्वार: कुठला तारकासमूह? हंस, गरुड, मयूर, जटायू, आकाशात पक्षी बरेच आहेत. आणि फलक कशाचा?

निशाचर: अहो, दक्षिणेचा. फोमलहॉट ताऱ्याच्या खाली, अल नायर हा तारा असलेला. शाळेत आकाशदर्शन आहे.

ध्रुवबाळ: म्हणजे ग्रुस. लॅटिनमध्ये ग्रुस म्हणजे क्रौंच (इंग्रजीत क्रेन). १५९५ मध्ये पहिला डच ताफा जावाकडे निघाला, तेव्हा डच नकाशाकार पेत्रुस प्लांसियसने केयसर या खलाशाला दक्षिणेचे तारे मोजायचं काम दिलं. केयसर १५९६ मध्ये जावातच वारला, पण नोंदी परत पोचल्या. त्यांवरून प्लांसियसने १२ नवे तारकासमूह आकाशाच्या गोलावर (पृथ्वीगोलासारख्या) काढले. जर्मन नकाशाकार बायरच्या १६०३ च्या ताऱ्यांच्या नकाशांनी ते रूढ झाले. बक ही सरळ चूक आहे.

पाणथळ: सहमत. बक म्हणजे बगळा. बगळा उडताना मान दुमडतो, क्रौंच सरळ ठेवतो. मुलांना चुकीचं शिकवू नका. सारसही नको, ती क्रौंचांतली एकच जात.

सप्तर्षी६०: चूक म्हणायची घाई नको. त्याच सफरीतला फ्रेडरिक द हौटमन पुढे सुमात्रात अचेहला कैदेत पडला, तिथेही तारे मोजत राहिला. त्याची यादी १६०३ मध्येच मलय शब्दकोशाला जोडून छापली गेली. तीत हाच पक्षी बगळा आहे! काही काळ तर याला रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) म्हणत.

ध्रुवबाळ: हौटमनने दिलेलं नाव टिकलं नाही. जगभर मान्य नाव ग्रुसच.

सप्तर्षी६०: ते लॅटिन नाव. मराठीत बक रुळलंय, ते का मोडायचं?

तिसरा_डोळा: कॅमेरा तिपाईवर लावा, दहा सेकंद उघडा ठेवा. छान फोटो येतो.

निशाचर: फोटो नकोय हो. अल नायर हे पक्ष्याचंच नाव का?

सप्तर्षी६०: नाही. अरबीत ‘तेजस्वी’. अरबांनी हा तारा दक्षिण मत्स्य या तारकासमूहाच्या शेपटीत धरला होता. पक्षी नंतर आला.

निशाचर: मग ‘बक (ग्रुस)’ लिहितो. खाली हौटमनचा बगळा, प्लांसियसचा क्रौंच, दोन्ही.

पाणथळ: चित्र तरी क्रौंचाचं काढा.

दक्षिणद्वार: शाळा कुठे? पुण्याहून अल नायर जास्तीत जास्त २४ अंश वर येतो.

निशाचर: पुण्यातच. मैदानाच्या दक्षिणेला तीन मजली इमारत आहे... गच्चीची किल्ली मागतो.