गढवाल-कुमाऊंत काय चुकवू नये? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्यांचे अनुभव

टिळकवाडी, बेळगाव

यंदा आमच्या गल्लीतली तीन घरं उत्तराखंडला निघालीत आणि तिघांच्याही हातात एकच कार्यक्रम आहे: हरिद्वार, यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बद्री, परत हरिद्वार. रोज बस, रोज रांग, रोज नवं हॉटेल. देवदर्शन होतं, पण हिमालय बसच्या काचेपलीकडेच राहतो, याचं मला फार वाईट वाटतं. यातली बरीच माणसं आयुष्यात एकदाच एवढ्या लांब जाणार. म्हणून हा धागा. जे जाऊन आलेत त्यांनी लिहा: कुठलं ठिकाण सोडू नये, कुठल्या महिन्यात जावं, तिथं थांबून काय बघावं. नुसती नावं नकोत.

मीच सुरुवात करते. देवप्रयाग. ऋषिकेशहून बद्रीनाथकडे जाताना साधारण ७० किलोमीटरवर लागतं. बहुतेक बसवाले वरच्या रस्त्यावर गाडी उभी करतात आणि 'फोटो काढून घ्या' म्हणतात. तेवढ्यावर भागवू नका, खाली उतरा. झुलता पूल ओलांडला की गल्ल्यांतून, रघुनाथ मंदिराखालून पायऱ्या थेट संगमापर्यंत जातात. एकीकडून गोमुखाची भागीरथी, दुसरीकडून बद्रीनाथची अलकनंदा, आणि इथून पुढे गंगा. माझं माहेर कणकुंबीकडचं. मलप्रभेचा उगम लहानपणापासून बघत आले, कूडलसंगमला ती कृष्णेला मिळते तेही पाहिलंय. तिथं पाणी संथपणे एक होतं. इथं दोन रंग बराच वेळ शेजारी शेजारी धावतात. वर टिहरीच्या धरणात भागीरथीचा गाळ खाली बसतो, म्हणून ती हिरवट दिसते, अलकनंदा मातकट. शेवटच्या पायऱ्यांवर लोखंडी साखळ्या ठोकल्यात, त्या धरूनच बुडी मारायची. घोटाभर पाण्यात उभं राहिलं तरी ओढ कळते, आणि भर उन्हाळ्यात पायाची बोटं बधिर होतात. तासभर तरी बसा तिथं.

संकेश्वर

ताई, बाकी सगळं पटलं, पण केदारनाथला रांग आहे म्हणून कुणी ते टाळू नये.

आम्ही शेजारच्या लिंगायत कुटुंबाबरोबर गेलो होतो. केदारनाथचे रावळ, म्हणजे तिथले प्रमुख, कर्नाटकातल्या वीरशैव परंपरेतले असतात आणि पुजारीही आपल्या राज्यातूनच जातात, हे शेजारच्या अप्पांना ठाऊक होतं, मला नव्हतं. दर्शनानंतर अप्पांनी एका पुजाऱ्यांना कन्नडमधून नमस्कार केला, तर समोरून लगेच, 'ऊटा आयता?' साडेतीन हजार मीटर उंचीवर, बर्फाच्या पायथ्याशी, जेवलात का म्हणून आपल्या भागासारखं कुणी विचारतंय! अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मराठी बोलणारा मी, पण मलाही भरून आलं. सीमेवर राहणाऱ्याला दोन्ही भाषा घरच्याच की.

चढ गौरीकुंडपासून सुमारे १६ किलोमीटरचा. जून २०१३ च्या पुरात वाटेवरचं रामबाडा पार वाहून गेलं. आता वाट तिथून मंदाकिनीच्या पलीकडच्या काठानं जाते. वर पोचल्यावर देवळाला वळसा घालून मागे जरूर जा. चोराबाडी तलाव फुटला तेव्हा वाहत आलेली भीमशिला तिथंच आडवी आहे. पाण्याचा लोंढा तिच्यावर आपटून दोन बाजूंना फुटला आणि देऊळ वाचलं. शिळेला हात लावून वर हिमनदीकडे बघितलं की तेव्हा काय झालं असेल याची कल्पना येते.

एक विनंती, मुक्काम वरच करा. बहुतेक लोक दर्शन घेऊन दुपारीच उतरायला लागतात. संध्याकाळी भैरवनाथाच्या टेकडीवर चढलात तर अख्खं खोरं दिसतं, आणि पहाटे केदार शिखरावर पहिलं ऊन पडतं तेव्हा देवळाचं अंगण अजून सावलीत असतं.

येळ्ळूर

आपल्याकडं गावागावात मराठा लाइट इन्फंट्रीतला कुणी ना कुणी असतोच. मीही त्यातलाच, आता पेन्शनवर. मी लॅन्सडाउन सांगेन. यात्रेच्या वाटेवर नाही, कोटद्वारहून वर चढावं लागतं, म्हणून कुणी जात नाही. १८८७ पासूनची छावणी आहे, गढवाल रायफल्सचं केंद्र. जसं बेळगाव आपल्या रेजिमेंटचं, तसं लॅन्सडाउन त्यांचं. तिथल्या संग्रहालयात दरवानसिंग नेगींची माहिती बघा. १९१४ साली फ्रान्समध्ये लढताना त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्या पलटणीतल्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तोच मान दुसऱ्या महायुद्धात इटलीत मिळाला. पोरांना घेऊन जा आणि दोन्हीकडच्या गोष्टी सांगा. त्यांची रणघोषणा 'बद्री विशाल लाल की जय'. परेडच्या वेळी ती आरोळी कानावर पडली तर अंगावर काटा येतोय बगा. देवदार आहेत, गर्दी नाही, आणि सकाळी आकाश स्वच्छ असलं तर उत्तरेला बर्फाची पूर्ण रांग दिसते.

शहापूर, बेळगाव

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. पावसाळ्यात हिमालय टाळा असं सगळे सांगतात, पण फुलांची दरी बघायची तर पावसाळ्यातच जावं लागतं. दरी १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते, मात्र खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. त्याच दिवसांत दरडीही कोसळतात, म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस रिकामे ठेवाच.

गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप, पुढे घांघरियापर्यंत पायी किंवा खेचरावर. दरीत मुक्कामाला परवानगी नाही. सकाळी जायचं, संध्याकाळच्या आत परत यायचं. आत खायला काही मिळत नाही, घांघरियातूनच पराठे बांधून घ्या.

१९३१ मध्ये कामेत शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ हा गिर्यारोहक या दरीत उतरला आणि त्याच्यामुळे ती जगाला माहीत झाली. स्थानिक मेंढपाळ अर्थातच पिढ्यान्‌पिढ्या तिथं येत होते. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, चराई बंद झाली, आणि मग पॉलिगोनम या तणाचं रान इतकं माजलं की वनखात्याला ते दरवर्षी उपटावं लागतं. संरक्षण म्हणजे नुसतं कुंपण घालणं नव्हे, हे वर्गात शिकवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. २००५ पासून दरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते तेरड्याजवळ. श्रावणात चोर्ल्याच्या पठारावर आपला तेरडा गुडघ्याएवढा असतो. तिथली त्याची भावंडं माणसाच्या डोक्यावर जातात, आणि वाट त्यांच्यामधूनच काढलेली. फुलाच्या मागची ती वाकडी सोंड मात्र हुबेहूब इकडच्यासारखी. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की फटकन फुटते, बी हातावर उडतं. आत थोडं डावीकडे जोन मार्गारेट लेग या इंग्रज बाईंची कबर आहे. १९३९ मध्ये वनस्पती गोळा करताना त्या कड्यावरून घसरल्या. तिथं मी नमस्कार करून आले.

पायांत बळ असेल तर दुसऱ्या दिवशी हेमकुंड साहिब. चढ अंगावर येतो, उंची ४,३०० मीटरच्या आसपास. तिथं खरं ब्रह्मकमळ दिसतं. आपण गच्चीवर कुंडीत लावतो आणि रात्री फुलल्यावर शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो ते अमेरिकेकडचं निवडुंग आहे. हिमालयातलं सूर्यफुलाच्या कुळातलं, खडकांत उगवणारं, फिकट हिरव्या कागदी पाकळ्यांत गुंडाळलेलं. तोडू नका, कुणी विकत देत असेल तर घेऊ नका.

निपाणी

मला देवळांपेक्षा गाव आवडलं. ऊखीमठजवळ सारी म्हणून गाव आहे, तिथं घरगुती राहण्याची सोय होते. आमची शेती तंबाखूची, सपाट काळ्या रानात. तिथं डोंगराच्या अंगावर पायऱ्यांची शेतं, बैल वळवायलासुद्धा जागा नाही. बायका पाठीवर गवताचे भारे घेऊन चढतात, ते बघून मीच दमले. रात्री घरच्या वहिनींनी चुलीवर मंडुव्याची भाकरी केली. मंडुवा म्हणजे आपली नाचणीच. वर तूप, बरोबर गहतची डाळ, म्हणजे आपले हुलगे. त्यांना म्हटलं, आमच्याकडं हुलग्याचं माडगं करतात, तर त्यांनी कृती विचारून घेतली. चुलीपाशी बसून दोघींचं जे बोलणं झालं ते कुठल्या हॉटेलात झालं नसतं.

सारीहून देवरिया ताल अडीच किलोमीटर चढावर. सकाळी लवकर पोचा. वारा सुटायच्या आत पाण्यात चौखंबा शिखर पूर्ण उलटं दिसतं, आठ-नऊ वाजले की पाणी हललंच. पुढे चोपत्याहून तुंगनाथ. ३,६८० मीटरवरचं शंकराचं देऊळ, इतक्या उंचावर त्याचं दुसरं मोठं देऊळ नाही. फरसबंद वाट आहे, माझ्या सासूबाई सावकाश चढल्या. एप्रिलमध्ये तुंगनाथ बहुधा उघडलेलं नसतं, पण बुरांस फुललेला असतो, सगळं रान लाल. त्याचं सरबत मिळतं, पिऊन बघा.

खानापूर

जंगलाच्या माणसानं रेणीला जावं. जोशीमठहून नीती खोऱ्याच्या रस्त्यावर आहे. २६ मार्च १९७४ ला गौरा देवी आणि गावातल्या बायकांनी इथंच झाडांना मिठी मारून तोड थांबवली. त्याचीच प्रेरणा घेऊन १९८३ मध्ये आपल्या शेजारी, शिरसीकडच्या सालकणीत झाडं वाचवण्याचं अप्पिको आंदोलन सुरू झालं. रेणीखाली ऋषिगंगेत ७ फेब्रुवारी २०२१ च्या पुराच्या खुणा अजून दिसतात. तिथला वीजप्रकल्प त्यात गेला. 'प्रेक्षणीय स्थळ' म्हणून फलक लावण्यासारखं तिथं काही नाही. मी तरीही सगळ्यांना सांगतो, जाऊन या.

अथणी

सगळं वाचतेय. एक विचारायचं होतं. आईचं वय ७२, गुडघे दुखतात, पण बर्फाचे डोंगर बघायची फार इच्छा आहे. चढ नसलेलं काही आहे का?

चिकोडी

अक्का, आईंना कुमाऊंत न्या. कौसानीला गाडी अगदी दारापर्यंत जाते. खोलीच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलं की समोर त्रिशूळ आणि नंदादेवी. १९२९ मध्ये गांधीजी तिथं राहिले होते, त्या जागी आता अनासक्ती आश्रम आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसता येतं. खाली गोमतीच्या काठावर बैजनाथची जुनी देवळं. अल्मोड्याच्या पुढे जागेश्वरला देवदाराच्या बनात शंभरावर लहानमोठी देवळं आहेत. तिथंही फारसं चालावं लागत नाही.

दसऱ्यानंतर जा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा स्वच्छ असते. उन्हाळ्यात धूसरपणामुळे बऱ्याचदा शिखरं दिसतच नाहीत आणि म्हातारी माणसं हिरमुसतात. बेळगावहून गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीन, एक दिवस विश्रांती, मग दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस काठगोदामला सकाळी पोचवते. पुढच्या घाटात वळणं फार आहेत. वाटेत अल्मोड्याला जेवण आणि आराम ठेवा, उलटीची गोळी आधीच द्या, आणि कौसानीत खोली उत्तरेच्या बाजूचीच मागून घ्या.