मदत हवी आहे: बाबांच्या हाडाच्या बायोप्सीत 'डीएनए अपुरा', पुन्हा सुई टोचावीच लागेल का?

बाबा ६६ वर्षांचे, जन्मात बिडीला शिवले नाहीत. दिवाळीपासून कंबर धरली होती, आम्ही आपले तेल चोळत बसलो. एमआरआयमध्ये कमरेच्या हाडात डाग दिसला म्हणून सीटीवर बघून बायोप्सी केली. बाटली मीच लॅबमध्ये पोचवली. फॉर्मॅलिनमध्ये काडेपेटीतल्या काडीएवढे दोन तुकडे, बस्स.

रिपोर्ट: मेटास्टॅटिक अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे दुसरीकडून हाडात पसरलेला कॅन्सर. आयएचसीत (पेशींतली प्रथिनं रंगवून मूळ कुठलं ते शोधायची तपासणी) सीके७ आणि टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, सीके२० निगेटिव्ह. म्हणजे मूळ फुप्फुसात. सीटीत तिथे गाठ सापडलीच. मग ईजीएफआरसाठी (या जनुकात बदल असेल तर गोळी देता येते) ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, पाठवला. पैसे भरले, तीन आठवडे थांबलो आणि उत्तर आलं, 'नमुना डीकॅल्सिफाइड, डीएनए अपुरा', म्हणजे हाडातलं कॅल्शियम काढलेला नमुना. बाबा म्हणतात, आता बास. मागच्या वेळी दोन दिवस त्यांना कुशीवर वळता येत नव्हतं.

आहे त्यातूनच काही होईल का? रक्तावरून कळतं का? 'धीर धरा' कृपया लिहू नका, ते सगळेच सांगतात.

प्रतिसाद १
ताई, मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तीन-चार मायक्रॉनचा काप काढायचा तर हाडातलं कॅल्शियम आधी काढावं लागतं. घाईत नायट्रिकसारखं जहाल अ‍ॅसिड वापरलं की स्लाइड ठीक दिसते, पण डीएनएचा भुगा होतो. ईडीटीए या सौम्य रसायनाला वेळ लागतो, डीएनए मात्र बराचसा टिकतो.

आधी लॅबला विचारा, दोन्ही तुकडे अ‍ॅसिडमध्ये घातले होते का? कधीकधी मऊ तुकडा तसाच वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवतात. रक्तावरही ईजीएफआर होतं. पॉझिटिव्ह आलं तर डॉक्टर त्यावर गोळी सुरू करू शकतात; निगेटिव्ह आलं तर ते धरून चालू नका, गाठीचा डीएनए रक्तात पुरेसा उतरलेला नसतो कधीकधी. बिडी नाही म्हणता, अशांत ईजीएफआरचा बदल जास्त सापडतो, म्हणून तर याचा पाठपुरावा सोडू नका.

पुन्हा बायोप्सी ठरलीच तर हाडाऐवजी दुसरीकडून नमुना मिळेल का ते विचारा. हाडातूनच घेणार असतील तर फॉर्मवर 'मॉलिक्युलर तपासणी करायची आहे, अ‍ॅसिड नको' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या.

धागाकर्ती
दादा, फोन केला. ब्लॉक दोन आहेत! 'बी'ला डीकॅल केलेलं नाही, रजिस्टरमध्ये तशी नोंद आहे. पाठवला होता तो 'ए'. उद्या आणायला जाते. बर्फात घालून न्यावा लागतो का?

प्रतिसाद १
बर्फ कशाला, मेणाचा ठोकळा आहे तो. फक्त उन्हात गाडीत ठेवू नका. आणि पोच लिहून घ्या.