शब्दचर्चा: नाताळ ‘साजरा करणे’, ‘पाळणे’ की ‘जगणे’?

डिचोलीकर: वाड्यावरच्या चॅपेलच्या कोंकणी पत्रकाचं मराठी करतोय. विषय नाताळानंतरच्या दिवसांचा, सण सरला तरी तो ज्याच्यासाठी केला ते सुटू नये असा. त्यात ‘नाताळ जियेवप’ आहे. मी ‘नाताळ जगणे’ लिहिलं, तर घरातून हरकत: सण कुणी जगतं का? ‘साजरा करणे’ लिहावं तर तो २५ डिसेंबरच्या रात्रीच संपतो.

फोंड्याची वाचक: दादा, ‘आचरणे’ लिहा. व्रत आचरतात, धर्म आचरतात. ‘आयुष्य जगणे’ इथवर ठीक, बाकी सगळं जाहिरातींतलं.

मडगावकर: जाहिरातीतून आला म्हणून शब्द बाटत नाही. ‘आचरणे’ फार सोवळं वाटतं. आमच्या शेजारच्या आजी म्हणायच्या, ‘फेस्त सोंपलें, नाताळ सोंपूंक ना’, म्हणजे सण संपला, नाताळ संपला नाही. ज्या घराशी बोलणं तुटलेलं, तिथे कोंसोआदचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट सणात गेलं नसेल तर तीन राजांच्या फेस्ताआधी त्या स्वतः घेऊन जायच्या. नेवऱ्या, दोदोल, बिबिंकाचा एक तुकडा, वर विणलेला रुमाल. दार उघडेपर्यंत उभ्या राहायच्या. याला काय म्हणाल, आचरण?

फोंड्याची वाचक: हो, आचरणच! यापेक्षा नेमका शब्द नाही.

वसईकर: आम्ही ‘पाळणे’ म्हणतो. उपासकाळ पाळतो, तसा नाताळकाळही. चर्चच्या पंचांगात तो २५ डिसेंबरला सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. दुकानांतले तारे त्याआधीच उतरतात, याचं वाईट वाटतं.

मडगावकर: ‘पाळणे’ म्हटलं की मला सुतक आठवतं, पथ्य आठवतं.

वसईकर: आणि वचन? तेही पाळतातच की.

फोंड्याची वाचक: क्रियापद काहीही घ्या, पण ‘नाताळ’ पोर्तुगीज. ‘ख्रिस्तजयंती’ का नको?

मडगावकर: ताई, ‘नाताळ’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘जन्माचा’ असा अर्थ आहे, तो शाबूत आहे. शब्द आपल्या घरात रुळलाय.

फोंड्याची वाचक: फादर स्टीफन्सनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचलं, १६१६ साली रायतूरला छापलं. परदेशातून आलेल्या माणसाने स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलं. इथला शब्द घ्यावा, हे त्यांच्याकडूनच शिकावं.

डिचोलीकर: पत्रकात पुढे बाळ येशूच्या भेटीला आलेले ‘तीन राजे’ही आहेत. ते तसंच ठेवू ना?

वसईकर: आमच्या मराठी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘मागी लोक’ आहे. राजे असं म्हटलेलं नाही, तीन हा आकडाही नाही. भेटी तेवढ्या तीन: सोनं, ऊद, गंधरस.

मडगावकर: ६ जानेवारीला कांसावलीला तीन मुलगे मुकुट घालून, घोड्यावर बसून डोंगरावरच्या चॅपेलात जातात. तिथे उभं राहून त्यांना ‘मागी’ म्हणा बघू. आणि रेइश मागुश गावाच्या नावातच ‘राजे’ आहेत.

फोंड्याची वाचक: ‘मागी’ कानाला मागणाऱ्यासारखं लागतं, आणि ते तर द्यायला आले होते. ‘ज्ञानी’ लिहा.

वसईकर: ‘ज्ञानी’ लिहिलंत तर ताऱ्याकडे बघून वाट काढणारे कुठे गेले? मग ‘ज्योतिषी’ बरं.