छोट्या मोटरबोटीवर बॅटरीचा मेन स्विच कुठे आणि कसा बसवावा?

प्रश्न

माझ्या लहान मोटरबोटीवर आउटबोर्ड पेट्रोल इंजिन आणि १२ व्होल्टची एकच बॅटरी आहे. बोट काही आठवडे उभी राहिली की बॅटरी उतरते आणि स्टार्टर नुसता टकटक आवाज करतो. सगळी उपकरणे बंद करून ऋण केबल सोडवली आणि मध्ये मल्टिमीटर लावला, तेव्हा सुमारे ३० मिलिअँपिअर प्रवाह सतत वाहत असल्याचे दिसले. म्हणून बॅटरी पूर्ण तोडणारा स्विच बसवण्याचा विचार आहे. तो धन केबलमध्ये घ्यावा की ऋण, आणि तळाशी साचलेले पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपासह सर्व काही त्याच्यामागे आणावे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

३० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, आणि महिन्याला जवळपास २२. लहान बॅटरी अर्धमेली व्हायला एवढे पुरते.

स्विच धन केबलमध्येच बसवा. ऋण बाजूला इंजिनचा सांगाडा आणि सर्व उपकरणांच्या तारा एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यांपैकी एखादी तार थेट बॅटरीवर राहिली, तर स्विच बंद असूनही प्रवाहाला तिच्यातून वाट मिळते.

बिल्ज पंपाबाबत मात्र माझे मत ठाम आहे: त्याचा फ्लोट स्विच (पाणी वाढले की तरंगून पंप सुरू करणारा स्विच) असलेला स्वयंचलित जोड मेन स्विचच्या मागे कधीही घेऊ नका. बोट उभी असते, जवळ कोणी नसते, पाऊस लागून राहतो किंवा एखाद्या फटीतून पाणी झिरपते, नेमकी तेव्हाच पंपाची गरज असते. त्याची धन तार थेट बॅटरीवर घ्या आणि बॅटरीपासून साधारण १८ सेंटिमीटरच्या आत तिला स्वतंत्र फ्यूज द्या. हा फ्यूज पंपाच्या लेबलवर सांगितलेल्या क्षमतेचाच असावा. रेडिओची स्मृती जपणारी तार मात्र बॅटरीवर नेण्याच्या मोहात पडू नका. तुमचा ३० मिलिअँपिअरचा खर्च बहुधा तिथूनच होत असेल.

दुसरे उत्तर

वरील सर्व मान्य आहे. इंजिन पेट्रोलचे असल्यामुळे दोन गोष्टी जोडतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते, आणि स्विच फिरवताना आतल्या संपर्कांवर ठिणगी पडू शकते. त्यामुळे मोटारगाडीचा साधा स्विच न घेता, सागरी वापरासाठी बनवलेला आणि आयएसओ ८८४६ या मानकानुसार ठिणगीपासून सुरक्षित ठरवलेला स्विचच घ्या. त्यावर प्रवाहाचे वेगवेगळे आकडे दिलेले असतात: सतत वाहणारा, काही मिनिटांपुरता आणि स्टार्टर फिरतानाचा. केवळ सर्वांत मोठा आकडा पाहून निवड करू नका. एकाच बॅटरीला चालू-बंद एवढा साधा स्विच पुरेसा आहे. दोन बॅटऱ्यांचा निवड-स्विच इथे विनाकारण गुंतागुंत वाढवतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. इंजिन चालू असताना हा स्विच बंद करू नका. चार्जिंगचा प्रवाह जिरवणारी बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळते आणि इंजिनातून बॅटरीकडे येणारा चार्जिंगचा प्रवाह सांभाळणारा रेक्टिफायर किंवा रेग्युलेटर जळू शकतो. बोट चालवणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा आणि स्विचजवळ तशी पट्टीही लावा. आग लागल्यास मात्र इंजिन बंद करून लगेच हाताशी येईल अशी त्याची जागा असावी, म्हणून तो सामानाखाली दडवू नका. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वर येतो, तेव्हा तो बॅटरीच्या थेट वरही नको.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. सध्याची धन केबल नव्या जागेपर्यंत पोहोचत नाही. मधला तुकडा जोडताना काय पाहावे?

पहिले उत्तर देणारे

नवा तुकडा जुन्या केबलइतक्याच किंवा अधिक जाडीचा, कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याच्या तारांचा घ्या. लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) हातोडीने ठोकून किंवा पक्कडीने दाबून बसवू नका. योग्य मापाच्या क्रिंपिंग हत्याराने दाबा आणि त्यावर आतून गोंद असलेली आकुंचन पावणारी नळी चढवा, म्हणजे खारे पाणी तारांत शिरत नाही. स्विचच्या स्टडवर (केबल जोडायच्या बोल्टवर) सर्वांत जाड लग तळाशी, थेट धातूच्या पट्टीला टेकून यावा. वॉशर त्याच्या वर येतो, मध्ये नाही. कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण केबल आधी सोडवा आणि जोडताना तीच शेवटी लावा.

काम झाल्यावर मल्टिमीटर स्विचच्या दोन स्टडवर ठेवा आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. स्टार्टर फिरताना फरक ०.१ व्होल्टच्या आत राहिला, तर जोड चांगले बसले आहेत. जास्त दिसला, तर नट पुन्हा तपासा. नंतर स्विच बंद करून तुम्ही आधी केलेली प्रवाहाची चाचणी पुन्हा करा. वाचन शून्याजवळ आले नाही, तर कोणती तरी तार अजून बॅटरीच्या टोकावरच आहे. ऋण केबल परत बसवा आणि स्विच बंदच ठेवून फ्लोट हाताने उचला. पंप सुरू झालाच पाहिजे.