डिजिटल अरेस्टमध्ये १४ लाख गेले. तक्रार झाली, पण काकाजी बोलतच नाहीत

ज्येष्ठमंडळ_त्रिमूर्तीनगर
आमच्या मंडळाच्या एका सभासदांबद्दल विचारतोय. वय ७१, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, हिशेबाला एकदम पक्के. खोट्या पोलिसांनी अटकेची भीती घालून, तीन दिवस व्हिडिओ कॉलवर बसवून (यालाच डिजिटल अरेस्ट म्हणतात) त्यांना दोन एफडी मोडायला लावल्या. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार झाली, सायबर गुन्हे पोर्टलचा तक्रार क्रमांक मिळाला. आता बारा दिवस झाले. सकाळचं फिरणं बंद, ताटात अर्धी पोळी, रिंग वाजली की दचकतात. मुलाने फोन काढून घेतलाय, आणि "इतकं शिकून तुम्हाला कळलं काऊन नाही बाबा?" हे रोज एकदा होतंच. घरच्यांना काय सांगायचं? मंडळातल्या लोकांनी भेटायला जावं का?

समुपदेशक_धंतोली
पहिलं काम, तो "कळलं काऊन नाही" बंद करा. बाकी सगळं त्यानंतर.

या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण तो बाहेरून आणि नंतर विचारलेला असतो. शेवट माहीत झाल्यावर प्रत्येक खूण ठळक दिसते. आत असताना दिसते फक्त पुढची सूचना. दार लावा. कॅमेरा समोर ठेवा. कुणाला सांगितलं तर मुलालाही आत टाकू. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला, चार्जर लावलेला, रात्रीही कॉल चालू. झोप नाही, कुणाशी बोलायची सोय नाही, वर अटकेची भीती. अशा वेळी माणूस पडताळणी करत नाही, सुटका शोधतो. हुशारीचा इथे संबंध कमी. उलट आयुष्यभर सरकारी कागद, सही-शिक्का, वरिष्ठांचा हुकूम मानलेला माणूस बनावट नोटिशीपुढे जास्त लवकर वाकतो. त्याचा प्रामाणिकपणाच हत्यार म्हणून वापरलेला असतो. काकाजींना हे याच शब्दांत सांगा.

आणखी एक तपासा. त्यांच्या मनात अजून "केस खरीच असेल तर?" अशी शंका आहे का? बरेच जण तोंडाने फसवणूक मान्य करतात, पण बेल वाजली की पोलीस आले असं वाटतं. वाद घालू नका, वस्तुस्थिती सांगा. डिजिटल अरेस्ट नावाची तरतूद भारतीय कायद्यात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालची, पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. कागदावर विश्वास असलेल्या माणसाला कागदानेच धीर येतो. त्या आदेशाच्या बातमीची प्रिंट काढून द्या.

झोपेचं: रात्री विचारांचं चक्र सुरू होतं म्हणून संध्याकाळी पाचला वीस मिनिटं "काळजीची वेळ" ठरवा. वहीत जे येईल ते लिहायचं, वही मिटायची. रात्री तोच विचार आला की "उद्या पाचला". पहिले चार-पाच दिवस जमत नाही, तरी सोडू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या चुकताहेत का तेही बघा. या गडबडीत त्या हमखास चुकतात आणि चक्कर, धडधड सगळी "टेन्शन"च्या नावावर जाते.

दोन आठवडे उलटूनही झोप-भूक सुधारली नाही तर मानसोपचारतज्ज्ञ. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी आहे. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं.

"आता माझा काय उपयोग", "तुमच्यावर ओझं झालो" असं बोलत असतील तर आडून नाही, सरळ विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाले तर एकटं ठेवू नका, औषधांचा साठा आणि घरातली कीटकनाशकं हलवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

निवृत्त_शाखाधिकारी
पैशाची बाजू लिहितो, कारण मन तिथेच अडकलेलं असतं.

एकच फाईल करा. पहिल्या पानावर तारीख-वेळेनुसार घटनाक्रम. मग प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक), रक्कम, कुठल्या खात्यात गेली ते. मग स्क्रीनशॉट, बनावट नोटीस, पोर्टलची पावती, बँकेला दिलेल्या अर्जाची पोच. घटनाक्रम काकाजींनी एकदाच सांगायचा, मुलाने लिहून घ्यायचा. नाहीतर पोलीस, बँक, नातेवाईक, शेजारी, प्रत्येकासमोर तोच अपमान पहिल्यापासून. हिशेबी माणूस आहे ना, यूटीआरचा तक्ता त्यांच्याच हाताने करवून घ्या. तीन दिवसांत हातातून सुटलेलं काहीतरी परत हातात आल्यासारखं वाटतं.

अपेक्षा खरी ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिथून दहा खात्यांत फुटतात आणि एटीएममधून निघतात. जिथे शिल्लक सापडली तिथे ती रोखली जाते. रोखलेली रक्कम परत मिळवायला साधारणपणे न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि त्याला महिने लागतात. "सगळे मिळतील" म्हणू नका, "गेले ते गेले" पण म्हणू नका. किती रक्कम होल्डवर आहे हे तपास अधिकाऱ्याला विचारा आणि तोच आकडा घरात वापरा. चौकशीही पंधरा दिवसांतून एकदा, ठरलेल्या वारी. रोज फोन केला की जखम रोज उघडी.

रिझर्व्ह बँकेच्या "शून्य जबाबदारी"च्या, म्हणजे नुकसान ग्राहकाने सोसायचं नाही या नियमावर फार भिस्त नको. तो नियम मुख्यतः ग्राहकाने न केलेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे पैसे स्वतः पाठवलेत. तरी बँकेत लेखी तक्रार हवीच. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

फोन मात्र परत द्या राजेहो. आधी चोरांनी कोंडलं, आता पोरगा कोंडून राहिला. त्याऐवजी यूपीआयला जोडलेलं खातं वेगळं ठेवा, त्यात पाच-दहा हजारच. मोठ्या खात्याची नेटबँकिंग मर्यादा खाली आणा. एफडी ऑनलाइन मोडण्याची सोय बंद होते का ते शाखेत विचारा. हे सगळं काकाजींसमोर, त्यांच्या सहीने.

रिंगची भीती टप्प्याने जाते. आधी घरच्यांच्या नंबरांना वेगळी रिंगटोन, बाकी सगळे सायलेंट. आठवड्याने सेव्ह केलेले सगळे नंबर वाजू द्या. अनोळखी नंबर शेवटी, तोही कुणी शेजारी असताना.

मंडळ_सचिव_प्रतापनगर
माझ्या मते मंडळात सगळ्यांना सांगून टाकावं. लपवलं की लाज वाढते.

समुपदेशक_धंतोली
सचिवसाहेब, लाज बोलल्याने कमी होते हे बरोबर. पण कुणाला सांगायचं ते काकाजींनी ठरवायचं. त्यांच्या आधी गोष्ट पानठेल्यावर पोचली तर फिरणं कायमचं बंद होईल. अख्ख्या ले-आऊटमध्ये गोष्ट फिरली की चौदाचे चाळीस लाख होतात. भेटायला एकाच जणाने जावं, जवळच्या माणसाने. विषय काढू नये. "उद्या सहाला फाटकापाशी उभा राहतो" एवढं म्हणावं आणि खरंच उभं राहावं. आले नाहीत तर परवाही.

ज्येष्ठमंडळ_त्रिमूर्तीनगर
खूप उपयोग झाला. मुलाशी बोललो, आज फोन परत दिला. पण दुपारीच एक कॉल आला म्हणे: "तुमचे पैसे सापडलेत, रिफंडसाठी १० टक्के प्रोसेसिंग फी भरा." त्याला तक्रारीची रक्कमही माहीत होती. काकाजी जरा खुलले, मुलाला म्हणाले भरून टाक.

निवृत्त_शाखाधिकारी
भरू नका! ही दुसरी फेरी. फसलेल्यांच्या याद्या या टोळ्यांत फिरतात, रक्कम त्यांना माहीत असायचीच. पैसे परत करायला पोलीस, न्यायालय, बँक कुणीही फोनवर फी मागत नाही. कॉलचा स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक करा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर "चक्षु" ही संशयित कॉल कळवायची सोय आहे, तिथे नोंदवा आणि जुना तक्रार क्रमांक लिहून तपास अधिकाऱ्यालाही द्या. सोशल मीडियावर बँकेला टॅग करून तक्रार टाकली असेल तर काढा, खाली बनावट कस्टमर केअरवाले टपलेले असतात.

आणि काकाजी खुलले होते, म्हणजे आता पुन्हा पडतील. "बघा, परत फसत होते" असं कुणीही म्हणायचं नाही. या वेळी भरायच्या आधी त्यांनी मुलाला सांगितलं, हे त्यांना आजच बोलून दाखवा.