शंटची तापमान-चूक: आधी मापातलं तांबं काढा, मग कोडकडे वळा

शिरोली_पॅनेल
मोटर कंट्रोलरमध्ये २०० अँपियर मोजायला शंट (करंट मोजायचा अगदी लहान रोध) बसवला, तो तापला आणि रीडिंग सरकलं, की पहिला सल्ला ठरलेला: थर्मिस्टर (तापमान मोजणारा भाग) लावा, कोडमध्ये सुधारून घ्या. वेगवान मापनासाठी मला हे पटत नाही.

शंटच्या मँगनिन या मिश्रधातूचा तापमान गुणांक (तापमानानं रोध किती बदलतो ते) दर अंशाला १० ते २० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), तांब्याचा ३९००. एक मिलीओहमच्या शंटच्या मापात पॅड (बोर्डवर शंट सोल्डर होतो ती तांब्याची जागा), सोल्डर आणि ट्रॅक मिळून ५० मायक्रोओहम तांबं शिरलं, तर एकूण गुणांक जवळपास १९० पीपीएम होतो. ६० अंश चढले की १.१ टक्का चूक. चूक मँगनिनची नाही, लेआउटची आहे. सेन्सचे, म्हणजे शंटवरचं व्होल्टेज मोजणारे ट्रॅक पॅडच्या आतल्या कडेच्या मधोमधून काढा आणि दोन्ही पॅडमधल्या जागेतून जोडीनं न्या. बाहेरच्या टोकाला, जिथं मोठा करंट पॅडवर चढतो, तिथं टोचायचं नाही. बोर्डवरच्या एक औंस जाडीच्या तांब्याचा एक चौरस म्हणजेच अर्धा मिलीओहम.

कागल_कंट्रोल
लेआउटबद्दल वाद नाही. पण भावा, शंटची स्वतःची टोकं तांब्याचीच असतात, ती कुठं काढणार? एक मिलीओहमच्या खाली गेलं की डेटाशीटमध्येच गुणांक वाढलेला दिसतो, तो याच टोकांमुळं. हा भाग दर वेळी सारखाच वागतो, म्हणून तो कोडमध्ये सुधारता येतो. २५ आणि ८५ अंशांवर दोन बिंदूंचं कॅलिब्रेशन करा, काम झालं. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमधलं बंद पॅनेल ५५ अंशांवर सहज जातं. तिथं दुरुस्तीच नको म्हणणं परवडत नाही.

शिरोली_पॅनेल
झटक्याच्या करंटचं काय? २५१२ या प्रमाणित आकाराच्या शंटमध्ये मिश्रधातू साधारण ३० मिलिग्रॅम धरा. ३०० अँपियर, एक मिलीओहम, म्हणजे ९० वॉट. ५ मिलिसेकंदांत ०.४५ जूल. उष्णता बाहेर जायला वेळच नाही, त्यामुळं धातू ३६ अंशांनी चढतो. शेजारच्या थर्मिस्टरला तोवर पत्ताही नसतो. तो जुन्याच तापमानावर हिशोब करत बसणार.

कागल_कंट्रोल
तुमचाच आकडा पुढं नेऊ. ३६ अंश गुणिले २० पीपीएम म्हणजे ०.०७ टक्का. २०० अँपियरच्या कंट्रोलरला ते चालतं. मोठी चूक तांब्याची, आणि तांबं तापतं मागाहून, मिश्रधातूतली उष्णता पॅडवर उतरल्यावर. म्हणून थर्मिस्टर शंटच्या पोटाखाली नको, ग्राउंडकडच्या पॅडच्या तांब्याला चिकटून हवा. जे मोजायचं ते तिथंच आहे.

शिरोली_पॅनेल
ही जागा मान्य. थर्मिस्टर बहुतेक बोर्डांवर चुकीच्या ठिकाणी असतो, हे खरं.

उद्यमनगर_मीटर
तुम्ही दोघंही गुणांकातच अडकलात. शंटचं एक टोक मॉसफेटकडं (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) आणि दुसरं केबलकडं असेल तर दोन्ही टोकं सारखी तापत नाहीत. कॉन्स्टंटन (शंटसाठी वापरला जाणारा दुसरा मिश्रधातू) आणि तांब्याच्या जोडाला दर अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट तयार होतात. दहा अंशांचा फरक पडला की ४०० मायक्रोव्होल्ट, एक मिलीओहमवर ०.४ अँपियरचा खोटा करंट. मँगनिनला हेच १ ते ३ मायक्रोव्होल्ट. तपासायची रीत सोपी आहे: शंट पूर्ण तापू द्या, करंट एकदम तोडा आणि आउटपुट बघा. शून्यावर न येता काही सेकंदांत हळूहळू उतरत असेल, तर तो थर्मल ईएमएफ, म्हणजे टोकांच्या तापमानातल्या फरकानं तयार झालेलं व्होल्टेज. ही चूक गुणाकाराची नाही, बेरजेची आहे. तापमान गुणांकाची कोणतीही दुरुस्ती तिला हात लावत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. उष्णता कमी करायला रोध उतरवा असं सगळे सांगतात. शंटचा इंडक्टन्स २ नॅनोहेन्री आणि रोध १ मिलीओहम, तर कालांक (इंडक्टन्स भागिले रोध) २ मायक्रोसेकंद. इंडक्टन्स तोच ठेवून रोध पाव केलात तर ८. उष्णता वाचली, पण करंटच्या प्रत्येक कडेवर टोचणारा शेंडा (स्पाइक) उभा राहिला.

शिरोली_पॅनेल
मग चार शंट समांतर लावू. २०० अँपियरला प्रत्येकी ५० अँपियर, २.५ वॉट. इंडक्टन्सही पाव होतो, त्यामुळं कालांक दोनच राहतो.

उद्यमनगर_मीटर
बरोबर, पण सेन्स एकाच शंटवरून घेऊ नका. सोल्डर कमी-जास्त लागला की करंटची वाटणी बदलते, तापल्यावर आणखी. चारही शंटच्या दोन्ही टोकांवरून ३९-३९ ओहमचे रोध घ्या आणि एका बाजूचे चार एकत्र जोडा. मग वाटणी कशीही असो, सरासरी खरीच येते. दोन्ही बाजू मिळून साडेएकोणीस ओहम होतात. मध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर ठेवला की त्याचा कालांक (रोध गुणिले कपॅसिटन्स) १.९५ मायक्रोसेकंद, शंटच्या दोनला जवळपास जुळतो आणि शेंडा बसतो. कपॅसिटर सी०जी प्रकारचा घ्या, तो तापमानानं फारसा सरकत नाही. एक्स७आर प्रकारचा १५ टक्क्यांपर्यंत सरकतो, म्हणजे थंडीत जुळवलेली कडा उन्हाळ्यात बिघडते.

कागल_कंट्रोल
या ३९ ओहममधून अँप्लिफायरचा इनपुट करंट वाहतो आणि त्याच्या आतल्या इनपुट रोधाशी मिळून गेन घटतो, तेवढं कॅलिब्रेशनमध्ये धरा. चार शंटमागे थर्मिस्टर मात्र एकच पुरे, मधल्या दोघांच्या पॅडपाशी. कडेचे दोघे सहसा थोडे थंड असतात.